मी पाण्यात उभारलो

गुऱ्हाळं थंडावायला लागली की आमच्या विभागात फील्ड प्रोजेक्टचे अहवाल यायला लागतात. स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक कव्हर, पहिल्या पानावर कॉलेजचं बोधचिन्ह. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या मुलांना हे काम लावून दिलंय. वर्गाबाहेर पडायचं, माणसांशी बोलायचं, पाहिलेलं लिहून काढायचं. २०२० च्या त्या धोरणातल्या बऱ्याच गोष्टींवर आम्ही शिक्षक चहा पिता पिता वाद घालतो, पण ही एक मला मनापासून पटलेली. मी समाजशास्त्र शिकवते. ज्या मुलाच्या दारावरून ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या जातात, त्याला स्थलांतर फक्त पुस्तकातून शिकवायचं, हे मला कायम उलटं वाटत आलंय.

यंदा ७६ अहवाल आले. पंधरा-वीस वाचून झाल्यावर लक्षात आलं की मी कुणाचं वाचतेय हेच मला कळेनासं झालंय. विषय वेगवेगळे होते. कुणी कागलच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांवर लिहिलं होतं, कुणी गुऱ्हाळघरांवर, कुणी चपला शिवणाऱ्या घरांवर. पण गूळ शिजवायच्या काहिलीजवळची धग एकातही नव्हती, की चामड्याचा वास. प्रत्येक व्यवसाय ‘ग्रामीण अर्थव्यवस्थेत महत्त्वपूर्ण भूमिका बजावत’ होता. प्रत्येक प्रश्न ‘बहुआयामी’ होता. आणि प्रत्येक निष्कर्षात ‘सर्व घटकांनी एकत्रित प्रयत्न करणे ही काळाची गरज’ होती. शुद्धलेखनाची चूक औषधालाही नाही. ज्यांच्या वह्यांतले ‘कि’ आणि ‘की’ मी तीन वर्षं सुधारत आले, त्याच मुलांची ही पानं.

त्यातला एक अहवाल पंचगंगेकाठच्या गावातल्या एका मुलीचा होता. विषय, २०१९ चा महापूर. तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं ‘एका पूरग्रस्त तरुणाचा अनुभव’, आणि त्यात हे वाक्य होतं: ‘सदर तरुणाने कंबरभर पाण्यात तात्पुरता निवारा उभारून पशुधनाचे संरक्षण केले.’

कंबरभर पाण्यात निवारा कसा उभारतात, ते मला समजेना. मी तिला बोलावून घेतलं.

“अगं, हा तरुण कोण? तुमच्या गल्लीतला?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “कुठला तरुण, मॅडम? मीच हाय की त्यात.”

मग तिनं मोबाईल काढला. लपवलं काहीच नाही. घरी बसून दहा मिनिटं ती फोनशी बोलली होती, फोननं ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं होतं, आणि तो मजकूर तिनं एआयला दिला होता, ‘याचा अहवाल करून दे’ म्हणून. मी म्हटलं, तुझं मूळचं दाखव. तिनं स्क्रीन वर सरकवली आणि फोन माझ्या हातात दिला. तिची परवानगी घेऊन ते इथं देते:

‘पाणी मागल्या दारानं आलं. पप्पा आजीला पाठीवर घिऊन पुढं गेले. आईनं बारक्याला उचललं. मला म्हणली कासरा सोडू नगस. मी म्हशीचा कासरा धरून पाण्यात उभारलो. कमरंएवढं पाणी हुतं. म्हस थरथरालती. मी तिच्या कानात बोलालतो, काय बोलालतो ते आता आठवत न्हाई.’

स्टाफ रूममध्ये बसून मी हे तीनदा वाचलं. बाहेर कुणीतरी हजेरीपट मागत होतं.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. आमच्याकडच्या मुली, बायका बोलताना ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. त्यात पुरुषी काही नाही, घरात आई बोलते तसं लेक बोलते. आणि आमच्याकडे माणूस ‘उभा राहत’ नाही, ‘उभारतो’. एसटी स्टँडवर उभारतो, रेशनच्या रांगेत उभारतो. ही मुलगी तेव्हा आठवीत होती आणि म्हशीजवळ पाण्यात उभारली होती.

यंत्राला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे यंत्र शिकतं ते लिहिलेल्या मजकुरावरून. कोट्यवधी पानं चाळून, कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणता शब्द यायची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजानं एकेक तुकडा पुढं ठेवत जातं. लिहिलेल्या मराठीत लोक निधी उभारतात, लढा उभारतात, मंडप उभारतात. मग पुराच्या पाण्यात काय उभारणार? निवारा. ‘उभारलो’, ‘बोलालतो’ म्हणणारा कोण असणार? पुरुष. त्याच्या हिशेबानं सगळं बरोबरच होतं. त्या हिशेबात एक तेरा-चौदा वर्षांची पोर तरुण झाली, तिचं उभारणं निवारा झालं, आणि म्हशीच्या कानात बोललेलं, जे तिला स्वतःलाही आठवत नव्हतं, ते अहवालाच्या कामाचं नाही म्हणून गळून गेलं.

त्याच प्रकरणात पुढे एक तक्ताही होता. गावातल्या अमुक टक्के कुटुंबांनी पशुधन गमावलं, वगैरे. मी विचारलं, किती घरं फिरलीस? म्हणाली, “पाच.” मग हे टक्के? “त्येनंच घातलं.” त्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फुटांची. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद पडली होती. या गोष्टी नोंदलेल्या आहेत, शोधल्या तर सापडतात. त्या अहवालात नव्हत्या. जे खरं होतं ते गेलं आणि जे मोजलंच नव्हतं ते तक्त्यात येऊन बसलं.

मी तिला रागावले नाही. रागावण्याचा अधिकार मला वाटेना. त्याचं कारण जरा लांबून सांगावं लागेल.

मी शिवाजी पेठेत वाढले. घरात ‘मी जातो’च म्हणायचे. एम.ए.ला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाले, “मी हे पुस्तक वाचलो नाही.” वर्ग हसला. शिकवणारेही हसले, प्रेमानंच बहुतेक. त्या दिवसानंतर दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. खोलीवर आरशासमोर ‘मी वाचलं नाही, मी गेले, मी उभी राहिले’ असं घोकत राहिले. परत आले ती ‘जाते-येते’ करतच. आई फोनवर म्हणायची, पावण्यासारखं बोलालीस की गं.

आणि नोकरीला लागल्यावर मी तेच केलं. १९ वर्षं मी लाल पेन चालवलं. ‘उभारलो’खाली रेघ, ‘हुतं’खाली रेघ, समासात ‘बोलीभाषा टाळा’. मुलाला नक्की काय म्हणायचंय ते चांगलं असलं तरी आधी रेघ दिसायची. ज्यांचे आईबाप शाळेत गेले नव्हते अशी मुलं माझ्यासमोर बसलेली असायची. त्यांना त्या रेघांतून एकच गोष्ट कळली असणार: आपल्या तोंडून येतं ते कागदावर ठेवण्यासारखं नाही. मग ती गाइड पाठ करायला लागली. अपेक्षित प्रश्नसंचातली उत्तरं उतरवायला लागली. ‘प्रस्तावना, विषय-विवेचन, समारोप’ असं बांधीव उत्तर आलं की आम्ही सात-आठ गुण द्यायचो, आणि अडखळत स्वतःचं काही सांगणाऱ्याला चार.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅट जीपीटी लोकांसाठी खुलं झालं तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांच्या हातात काय आलं असेल? जी भाषा आम्ही मागत होतो आणि त्यांच्याकडे नव्हती, ती फुकट, हवी तेव्हा, हवी तितकी. त्यांनी ती घेतली. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतली असती. पुण्यातल्या त्या दोन महिन्यांत असं काही हाताशी असतं तर मी एक ओळ स्वतः लिहिली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

कोल्हापूरला शिक्षणाचं अप्रूप नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खेड्यातलं पोर शहरात आलं तर त्याला राहायला जागा हवी, दोन वेळचं जेवण हवं, हे त्यांनी ओळखलं. करवीर नगर वाचन मंदिर त्याच्याही आधीचं, १८५० चं. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये आलं आणि चंदगड, आजरा, गारगोटीकडची मुलं-मुली पदवीपर्यंत पोचली. दार उघडलं. पण आत आलेल्या मुलाला आम्ही सांगितलं, चपला बाहेर काढ आणि भाषाही. हे मी आता म्हणते आहे. दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी प्रमाणभाषेची बाजू घेऊन भांडले असते. आजही प्रमाणभाषा शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. नोकरीचा अर्ज, शोधनिबंध, कोर्टाचा कागद तिच्यातच लिहावा लागतो आणि ती आलीच पाहिजे. पण ती दुसरी यायला हवी, पहिलीच्या छातीवर पाय ठेवून नव्हे.

पकडापकडीच्या वाटेनं आम्ही जाऊन आलो, ते थोडक्यात सांगते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आहेत. त्यात आधीच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षा वाढत जाते. पण ते नियम नकलेसाठी केलेले. यंत्रानं लिहिलेला मजकूर सहसा कुठून जसाच्या तसा उचललेला नसतो, नवा गुंफलेला असतो, त्यामुळं साम्य बहुतेकदा कमीच येतं आणि प्रबंध स्वच्छ ठरतो. मग एआय ओळखणारी साधनं आली. ज्या ओपनएआयनं चॅट जीपीटी आणलं त्यांचंच ओळखयंत्र एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर नीट ओळखत होतं, आणि ९ टक्के वेळा माणसाच्या लिखाणाला यंत्राचं म्हणत होतं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले होते. साधे शब्द, सरळ वाक्यं, म्हणजे यंत्र! आमच्याकडच्या एका मुलावर इंग्रजीच्या निबंधावरून असाच ठपका आला. तो दुसऱ्या दिवशी कच्ची वही घेऊन आला. पानोपानी खाडाखोड, समासात अर्थ लिहिलेले मराठी शब्द. वही टेबलावर ठेवताना त्याचा हात कापत होता. त्या दिवसापासून मी कुठलंही ओळखयंत्र उघडलेलं नाही आणि उघडणार नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करतो. सकाळी आठला सुटून दहाच्या तासाला येतो, नखांत काळी वाळू तशीच. त्याला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइमची ‘अॅनोमी’, म्हणजे समाजातले नेम-बंध सैल पडणं, कळत नव्हती. रात्री दोनला, जेवणाच्या सुट्टीत, त्यानं एआयला विचारलं. न समजल्यावर परत विचारलं, मग तिसऱ्यांदा. म्हणाला, “मॅडम, तुम्हाला तीनदा इचाराय लाज वाटली असती.” दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. कारखान्यात दर अकरा महिन्यांनी माणसं बदलतात, कुणाला कुणाचं नाव माहीत होईपर्यंत तो जातो, मग कुणी पडलं-झडलं तर कुणाला हाक मारायची हेच कळत नाही, ते हेच का? हो, बाळा, ते हेच. हे त्याला कुठल्या खासगी क्लासनं दिलं नसतं, आणि दिलं असतं तर त्याला ते परवडलं नसतं. म्हणून कुणी ‘बंदी घाला’ म्हणालं की मला हा मुलगा आठवतो.

पण त्याच आठवड्यात आमच्या ग्रंथपालांनी मला एक चिठ्ठी दाखवली. एका मुलीनं तीन पुस्तकांची नावं लिहून आणली होती, लेखकांसकट, प्रकाशन वर्षासकट. त्यांनी कॅटलॉग पाहिला, दुसऱ्या दोन ग्रंथालयांत फोन केले. तीनही पुस्तकं कधी छापलीच गेली नव्हती. लेखक खरे, विषय खरा वाटावा असा, पुस्तक मात्र नाही. “पोरगी अर्धा तास बाकावर बसून राहिली, मॅडम,” ते म्हणाले, “पुस्तक येईल म्हणून.” पुस्तकासाठी अर्धा तास थांबणारी पोरगी आजही आहे, या गोष्टीनं मला आनंदही झाला आणि पोटात कालवलंही.

मी एक प्रयोग करून पाहिला. यंत्राला म्हटलं, कोल्हापुरी बोलीत पुराचा अनुभव लिही. त्यानं लिहिलं. दर दुसऱ्या वाक्यात ‘भावा’, मधेच ‘नाद खुळा’, शेवटी पूर ओसरल्यावर तांबडा-पांढरा रस्सा. नेटवर आमची बोली आहे ती बहुतेक अशीच, रील्समध्ये, विनोदासाठी. दुःखात कोल्हापूर कसं बोलतं ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, तर यंत्र शिकणार कुठून? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात पेढे वाटले, मीही वाटले. पण या ८ कोटींमधल्या ज्या मुलीनं म्हशीच्या कानात काहीतरी सांगितलं, तिचं वाक्य कुठल्याही कागदावर नव्हतं. आणि जे होतं, फोनमध्ये, ते अहवाल होताना पुसलं गेलं. उद्याची यंत्रं आजच्या या अहवालांवरही शिकतील. म्हणजे तिच्या गावात पाण्यात निवारा उभारणारा तो तरुण कायमचा राहील आणि ती नाही.

हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मी काय केलं ते. ७६ अहवाल मी परत दिले. विभागात त्यावरून कुरबूर झाली, आणि ती चुकीची नव्हती. अंतर्गत गुण भरायची तारीख तोंडावर होती. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना तपासलेल्या वहीचे पैसे कुणी देत नाही, तासाचे मिळतात. ७६ मुलांची तोंडी घ्यायची, प्रत्येकाचं दोनदा वाचायचं, हे मोकळ्या हातांचं काम आहे आणि आमचे हात मोकळे नाहीत. ‘शिक्षकांनी मूल्यमापनाच्या पद्धती बदलाव्यात’ असं परिसंवादात म्हणणाऱ्यांनी एकदा आमचं वेळापत्रक पाहावं, असं मला फार वाटतं. जिथं एका शिक्षकामागे वीस मुलं आहेत तिथं यंत्राचा प्रश्न वेगळा असतो. आमच्याकडे तो शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नाशी बांधलेला आहे, आणि तो सोडून नुसतं एआयवर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

तरी चार शनिवार मागून घेतले. फोन दप्तरात, बाकावर फुलस्केप. मी फळ्यावर लिहिलं: प्रोजेक्टसाठी गेलात तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, एक पान, घरात बोलता त्या भाषेत. ‘उभारलो’ चालेल, ‘हुतं’ चालेल. पहिली दहा मिनिटं कुणी पेन उचललं नाही. एकानं विचारलं, “मॅडम, खरंच घरातल्या भाषेत? गुण कापणार न्हाई?” मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. १९ वर्षांच्या रेघा एका शनिवारात पुसल्या जात नाहीत.

पहिल्या शनिवारी पानं अर्धी भरली. दुसऱ्या शनिवारी गुऱ्हाळावर गेलेल्या मुलानं, गूळ शिजवणारा गुळव्या चट्टा पडलेला हात झाकून कसा बोलत होता, ते लिहिलं. ते त्याच्या आधीच्या चाळीस पानांत कुठंच नव्हतं. मी विचारलं, हे तेव्हा का नाही लिहिलंस? म्हणाला, “तवा ध्यानातच आलं न्हाई. लिवताना आठवलं.” मला इतक्या वर्षांत कुणी लिहिण्याचं इतकं साधं कारण सांगितलं नव्हतं. तो हात त्यानं पाहिलेला होता, पण पेन घेऊन अर्धा तास बसेपर्यंत तो त्याला दिसला नव्हता. यंत्राकडून चाळीस पानं घेताना त्याचा हा अर्धा तास गेला होता.

तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, आता हेच पान प्रमाणभाषेत स्वतः लिहा, मग यंत्रालाही लिहायला सांगा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा, काय राहिलं आणि काय गेलं. वर्गात पहिल्यांदा आवाज चढले. “ह्येनं आजीचं नावच काढलं!” “मी ‘वैतागलो’ म्हटलो, हे ‘निराशा अनुभवली’ म्हणतंय.” एक मुलगी म्हणाली, यंत्राचा शेवट माझ्यापेक्षा चांगला झालाय, मी तो ठेवणार. मी म्हटलं, ठेव. तो खरोखरच चांगला होता.

चौथ्या शनिवारी वाचन. पुराचं लिहिलेली मुलगी शेवटच्या बाकाजवळून उठली, पुढं आली. तिनं आपलं घरच्या भाषेतलं पान निवडलं होतं. ‘उभारलो’ तसंच होतं. मी टेबलापाशी लाल पेन उघडून बसले होते, सवयीनं. टोपण लावलं.

ती वाचत गेली. पाणी मागल्या दारानं आलं, पप्पा आजीला घेऊन गेले, आईनं बारक्याला उचललं. म्हशीच्या कानापाशी आली तेव्हा थांबली आणि कागदावर नसलेलं वाक्य म्हणाली, “आता आठवालंय. पाढं म्हणालतो मी. तेराचा पाढा.” वर्गात कुणी हसलं नाही. पुढं वाचलं, होडी आली, माणसं चढली, म्हशीला दोरानं मागं बांधून ओढत नेलं. पान संपलं.

फाउंड्रीतला मुलगा मागून म्हणाला, “आणि रेडकू? म्हशीचं रेडकू हुतं म्हणलीस की मगाशी.”

ती कागद उलटा करून बघत राहिली. मागची बाजू कोरी होती.

“ते न्हाई लिवलं अजून,” ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली. तास संपल्याची घंटा झाली, मुलं उठायला लागली. तिनं शेजारणीकडून पेन मागून घेतलं.